निम्म्याहून एक जास्त, की तीनात दोन?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं, लिहून दिलेलं)



मागच्या सभेत एका ताईंनी विचारलं होतं, "आमच्या गटात सगळ्या जणी हो म्हटल्याशिवाय कर्ज देत नाही. मग मुंबईत आमदार एका मताच्या फरकाने कायदा कसा करतात? तीनात दोघांनी तरी हो म्हणायला नको का?" प्रश्न चांगला आहे, म्हणून आज तेवढ्यावरच बोलते.

आधी नियम बघू. आपल्या विधानसभेत 288 आमदार आहेत. साध्या कायद्याला, त्या दिवशी हजर राहून मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मतं पुरतात. राज्यघटना बदलायची असली तर मात्र संसदेच्या दोन्ही सभागृहांत तीनात दोन मतं लागतात.

तीनात दोन ऐकायला न्यायाचं वाटतं. पण 1989 ला काय झालं बघा. पंचायतींना घटनेत जागा देणारं 64 व्या घटनादुरुस्तीचं विधेयक आलं. त्यात बायकांसाठी 30 टक्के जागा होत्या. लोकसभेत ते मंजूर झालं. राज्यसभेतही बाजूची मतं जास्त होती, विरोधाची कमी. तरी तीनात दोन भरली नाहीत, म्हणून विधेयक पडलं! पुढे 73 वी घटनादुरुस्ती लागू व्हायला 24 एप्रिल 1993 उजाडलं. महाराष्ट्र तेवढा थांबला नाही. 1990 ला आपल्या राज्याने साध्या कायद्याने 30 टक्के जागा दिल्या, 2011 ला 50 टक्के केल्या, तेही साध्या कायद्यानेच. प्रत्येक वेळी तीनात दोनची अट असती तर आपल्यातल्या किती जणी आज ग्रामपंचायतीत बसल्या असत्या, सांगा बरं.

अट उंच असली की फायदा कोणाचा होतो? ज्याला काहीच बदलायचं नाही त्याचा. त्याला नुसतं घरी बसायचं असतं.

दारूबंदीचं मतदान घ्या. आधी 25 टक्के महिला मतदारांनी निवेदन द्यायचं. मग मतदान, आणि त्यात यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. आलेल्यांच्या निम्म्याहून नव्हे, यादीतल्या! समजा यादीत 600 बायका आहेत. मतदानाला 320 आल्या, 290 जणींनी बाटली आडवी केली, 30 जणींनी उभी. दुकान चालूच राहणार, कारण 301 हव्या होत्या. ऊसतोडीला गेलेली बाई, बाळंतपणाला माहेरी गेलेली लेक, सगळ्या आपोआप दुकानदाराच्या बाजूला मोजल्या जातात.

कोणी म्हणेल, एका मताच्या जोरावर घाईने वाईट कायदा झाला तर? होऊ शकतो. पण कधी कधी एकाच बाजूकडे 192 च्या वर, म्हणजे तीनात दोन आमदार असतात. तेव्हा ही अट काय अडवणार? घाईला उपाय म्हणजे नीट चर्चा, समितीकडे तपासणी, लोकांच्या हरकती मागवणं. गोंधळात पाच मिनिटांत विधेयक मंजूर होतं त्याचा मलाही राग येतो, पण तो दोष मोजणीचा नाही.

एका ठिकाणी मात्र मला उंच अट हवी आहे. महिलेसाठी राखीव पदावरच्या सरपंचबाईंवर अविश्वास आणायचा तर चारात तीन सदस्य लागतात. नऊ सदस्य असतील तर सात. ही अट नसती तर दर सहा महिन्यांनी कोणी ना कोणी उठून बाईला खाली ओढलं असतं. मिळालेला हक्क काढून घ्यायचा असेल तर उंबरठा उंच असावा. द्यायचा असेल तेव्हा कशाला?

आणि गटाचं म्हणाल, तर आपण दहा-बारा जणी, पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटणार, म्हणून सगळ्यांचं मत जुळवणं जमतं. तरी एक जण रुसली की दुसरीचं दवाखान्याचं कर्ज अडतं, हे तुम्हीच मला सांगितलंय.

ज्या गावांत दारूबंदीचं निवेदन द्यायचं चाललंय, त्यांनी आधी मतदार यादी मिळवा. तोडीला जाणाऱ्या बायका कधी गावात असतात ते नावानिशी लिहा आणि मतदानाची तारीख त्याच दिवसांत मागा.