ट्रॉली थांबेल, ट्रॅक्टर चालेल
हंगामी मालवाहतुकीच्या नियोजनाविषयी एक विचार

(डोंगरकडा, ता. कळमनुरी येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेल्या आपल्या गावाला वाहतुकीचे महत्त्व पटवून देण्याची आवश्यकता नाही. ऊस, केळी आणि हळद ही या पट्ट्यातील प्रमुख पिके होत. तिन्हींचा माल जड आहे व तो बाहेर न्यावा लागतो. त्यांतील ऊस आणि हळद यांची घाई वर्षातील ठराविक महिन्यांतच असते. गळिताचा हंगाम सुरू झाला की वाहन मिळत नाही. पावसाळ्यात तीच ट्रॉली गोठ्याशेजारी गंजत उभी असते. ही विसंगती कशी कमी करता येईल, याचा आज विचार करावयाचा आहे.

वाहन कमी की वेळ कमी?

एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, फड कारखान्यापासून वीस किलोमीटरवर आहे. ट्रॅक्टरला जाण्यास एक तास व येण्यास एक तास लागतो. ट्रॉली भरण्यास पाच तास जातात आणि कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत सहा तास. एका खेपेला असे तेरा तास लागले. त्यांपैकी ट्रॅक्टर प्रत्यक्ष चालला केवळ दोन तास. उरलेले अकरा तास लक्षावधी रुपयांचे इंजिन आणि त्याचा चालक, दोघेही नुसते उभे होते.

आता भरणीच्या वेळी ट्रॉली फडात सोडली आणि आवारातही ती नंबरासाठी उभी करून ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली घेऊन परतला, असे समजू. जोडण्या-सोडण्यास दोन्ही टोकांना मिळून एक तास धरला, तरी ट्रॅक्टरची फेरी तीन तासांत पुरी होते. तेवढ्याच वेळात एक ट्रॅक्टर चार फडांना पुरा पडू शकतो. त्यासाठी ट्रॉल्या मात्र चार-पाच लागतील. परंतु ट्रॉली ही ट्रॅक्टरच्या मानाने पुष्कळच स्वस्त असते. महाग वस्तू चालती ठेवावी आणि स्वस्त वस्तू थांबू द्यावी, हेच या पद्धतीचे सार होय. दोन ट्रॉल्यांपैकी एक फडात ठेवून दुसरी ओढून नेणारे चालक आपल्याकडे आहेतच. त्यांच्या व्यवहारज्ञानाला नियोजनाची जोड देणे एवढेच काम आहे.

जगाचा अनुभव

हे तत्त्व नवे नाही. रेल्वे पूर्वीपासून मालधक्क्यावर वाघिणी सोडून इंजिन पुढे नेत आली आहे आणि वाघीण ठरल्या वेळेत रिकामी न केल्यास विलंब आकारही घेत आली आहे. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी ट्रकचा डबा चाकांपासून वेगळा करून जहाजावर चढविला आणि कंटेनर वाहतुकीला चालना मिळाली. १९८९ मध्ये सुरू झालेले आपले न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर त्याच कंटेनरांवर चालते. परदेशातील मोठे किरकोळ व्यापारी सणासुदीच्या गर्दीत भरलेला ट्रेलर गोदामाच्या दाराशी सोडून घेतात, सवडीने उतरवितात. चालक रिकामा ट्रेलर घेऊन निघून जातो. दसरा-दिवाळीच्या तोंडावर आपल्या बाजारपेठांतही ट्रक उतरण्याची वाट पाहत उभे राहतात. दुखणे एकच आहे.

पीक तसा उपाय

तथापि एक सावधगिरी बाळगली पाहिजे. तोडलेल्या उसाचे वजन आणि साखर दोन्ही तासागणिक घटतात. ट्रॅक्टर मोकळा झाला म्हणून ऊस मोकळा होत नाही. तो आवारात तितकाच वाळतो. तोडणीचा कार्यक्रम गव्हाणीच्या क्षमतेशी जुळविला नाही, तर ट्रॅक्टरांची रांग जाऊन ट्रॉल्यांची रांग लागेल आणि नुकसान कायम राहील.

हे नुकसान कोणाचे? २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये हा रास्त व किफायतशीर दर केंद्र शासनाने ठरविला. हा दर कारखान्याच्या दारात पोचलेल्या उसाचा आहे. महाराष्ट्रात तोडणी व वाहतूक बहुतांशी कारखाना करवितो आणि तो खर्च उसाच्या रकमेतून वजा होतो. म्हणजे रांगेत थांबलेल्या ट्रॅक्टरचे भाडे अखेर ऊस उत्पादकाच्याच पदरातून जाते.

केळीला ही पद्धत मानवणारी नाही. घड उतरला की तो सावलीत आणि त्वरेने गेला पाहिजे. हळदीची गोष्ट मात्र निराळी. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद टिकाऊ असते. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले आहे आणि हिंगोली व वसमत येथील बाजारांत तिची मोठी आवक उसाचा हंगाम ओसरताना सुरू होते. तेव्हा मोकळ्या झालेल्या ट्रॉल्या गावात उभ्या करून दोन-तीन दिवसांत सवडीने भरता येतील. पुढे मृगाच्या आधी बियाणे व खते येतात, दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघते. एकच ट्रॉली वर्षात चार हंगाम राबू शकते. अट एवढीच की नोंदणी, परवाना आणि विमा ज्या कामासाठी आहे, त्याच कामाला ती लावावी.

माणसाचा विचार

या हिशेबात ऊसतोड कामगारांना विसरता येणार नाही. गाडी रात्री आली की टोळीला रात्रीच उठावे लागते. स्त्रिया डोक्यावर मोळी घेऊन अंधारात फळीवरून ट्रॉलीत चढतात. रिकामी ट्रॉली सायंकाळीच फडात पोचलेली असेल, तर भरणी दुसऱ्या दिवशी उजेडात होईल. इंधनाच्या बचतीपेक्षा हा लाभ मी मोठा मानतो.

दुसरी गोष्ट रस्त्याची. अंधारात रस्त्याच्या कडेला, दिवा वा परावर्तक नसलेली ट्रॉली उभी असली, तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ नुसार वाहन किंवा ट्रेलर सार्वजनिक ठिकाणी धोका वा अडथळा होईल अशा रीतीने सोडून जाण्यास मनाई आहे. ट्रॉली सोडण्याची पद्धत वाढवावयाची, तर ही मनाई कसोशीने पाळली गेली पाहिजे. एरवी वाचलेला वेळ कोणाच्या तरी प्राणाने फेडावा लागेल.

पंचायतीने काय करावे?

पहिले, हंगामापूर्वी गावातील ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि त्यांची कागदपत्रे यांची यादी करावी. दुसरे, हमरस्त्यापासून दूर, कठीण व सपाट अशी एक जागा ट्रॉल्या सोडण्यासाठी राखून ठेवावी; तेथे दिव्याची सोय करावी. तिसरे, चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, दोनचाकी ट्रॉलीच्या दांडीखाली भक्कम टेकू, जोडणीला पिनेबरोबर साखळी आणि मागे लाल परावर्तक या चार गोष्टींशिवाय ट्रॉली सोडू देऊ नये. चौथे, कोणत्या फडाला कोणत्या दिवशी ट्रॉली लागेल, हे कारखान्याचे शेतकी कर्मचारी, मुकादम व ट्रॅक्टरमालक यांनी आठवड्यापूर्वी बसून ठरवावे आणि तो तक्ता चावडीवर लावावा. शिक्षक मित्रांनी वरच्या वर्गातील मुलांकडून या फेऱ्यांचा हिशेब मांडून घेतला, तर गणिताचा तास आणि घरचा व्यवहार यांची गाठ आपोआप पडेल.

या कामाला मोठा निधी लागत नाही. नव्या ट्रॉल्या घेण्यापूर्वी आहेत त्यांचे तास मोजावेत. एका हंगामात चार फडांवर प्रयोग करावा, खेपा आणि डिझेल यांची नोंद ठेवावी, आणि ती नोंद ग्रामसभेत वाचून दाखवावी. फायदा दिसला तर पद्धत आपोआप पसरेल. न दिसला तर तिच्यात काय सुधारावयाचे हे त्याच आकड्यांवरून कळेल.