इळ्याची पारख आणि कार्डावरची वॉरंटी

(सावली येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी अवजार खरेदीवर केलेल्या बोलण्याचा हा मजकूर.)



हलक्या धानाची कापणी तोंडावर आली आहे आणि आजच्या विषयपत्रिकेत अवजार बँकेची खरेदी आहे. म्हणून आधी मागच्या वर्षीचा हिशेब बोलते. तो माझ्याच चुकीचा आहे, तेव्हा मीच सांगितलेला बरा.

मागच्या हंगामात आपण ४० इळे आणि ८ फावडे घेतले. नाव कधी न ऐकलेलं, पण डब्यावर सोनेरी अक्षरात "लाइफटाइम वॉरंटी" लिहिलेलं. भाव कमी होता. मी म्हटलं, घेऊन टाका. पाचव्या दिवशी बांधीतून एका काकूंनी इळा आणून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "पोरी, हा इळा आहे का पत्रा?" धार मुडपली होती. आठवडाभरात १७ इळे गेले. एका फावड्याचं दांड्याचं भोक वेल्डिंगमधून सुटलं आणि पातं एका ताईच्या पायावर पडलं. चार टाके पडले, ऐन कापणीत आठ दिवसांची मजुरी बुडाली. अवजाराचे पैसे गटाचे गेले, पण ती मजुरी तिच्या घरची गेली. ते मला अजून टोचतं.

मी दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, बिल दाखवा. आपल्याकडे होती कच्ची चिठ्ठी, कारण पक्कं बिल घेतलं तर थोडे पैसे जास्त लागतील असं त्याने सांगितलं होतं आणि आपण मान्य केलं होतं. कार्डावर कंपनीचा पत्ता नव्हता, फक्त एक मोबाईल नंबर. तो लागलाच नाही. शेवटी त्याने पाच इळे बदलून दिले, तेही उपकार केल्यासारखे.

मग काहीजणी म्हणाल्या, आता फक्त मोठ्या कंपनीचं घ्यायचं. टाटा अ‍ॅग्रिकोचा फावडा, टापारियाची पक्कड, बस. पक्कड-पान्याच्या बाबतीत मीही तेच म्हणेन, एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालतं. पण ४० इळे मोठ्या नावाचे घ्यायला आपल्या खात्यात पैसे नाहीत, आणि बारकं नाव म्हणजे वाईट माल असंही नाही. जालंधर, लुधियाना, नागौर इथल्या लहान कारखान्यांत देशभरची हत्यारं बनतात. त्यात चांगलीही असतात, टाकाऊही असतात. आणि आपल्याच जिल्ह्यातलं बघा ना. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे, त्यांनी शेतात वेगळ्या लोंब्या निवडून धानाचं वाण तयार केलं. ना कंपनी, ना डबा. त्याला एचएमटी हे नावसुद्धा त्या काळच्या नावाजलेल्या घड्याळावरून पडलं. दाणा आधी चांगला होता, नाव मागून आलं. आपण मात्र मागच्या वर्षी नाव आणि सोनेरी अक्षरं बघितली, पातं बघितलंच नाही.

पातं कसं बघायचं ते मला एमएसडब्ल्यूला कोणी शिकवलं नाही. ते मी गावातल्या खाती काकांकडे दोन दिवस बसून शिकले. (त्यांनी आधी मला भाता मारायला लावलं.) ते म्हणतात, सगळा खेळ पाणी देण्याचा आहे. पोलाद तापवून नीट पाणी दिलं तर धार टिकते. कमी पडलं तर मुडपते, जास्त झालं तर काचेसारखा टवका उडतो. हे ओळखायला दुकानात जाताना पिशवीत एक बारीक कानस ठेवा. धारेवर हलकेच फिरवा. कानस लोण्यात गेल्यासारखी रुतली तर पातं मऊ आहे. अगदीच घसरली, काही लागलंच नाही, तर फार कडक आहे. थोडी धरून थोडी घसरली पाहिजे. दुकानदाराला आधी विचारा. नाही म्हणाला तर तो माल घ्यायचा नाही, एवढं सोपं.

दांडा नसलेला फावडा किंवा कुऱ्हाड दोरीला टांगून दुसऱ्या लोखंडाने ठोका. घंटेसारखा स्वच्छ आवाज आला तर ठीक. भद्द वाजलं तर आत चीर असण्याची शंका धरा. फावड्याचं भोक पात्यासोबत एकाच तुकड्यात ठोकलेलं आहे की मागून जोडलंय, ते रंगाखाली नखाने, किल्लीने खरवडून बघा. जाड रंग बघून मला तरी आता संशयच येतो. लोहचुंबक घेऊन येऊ नका, ते मऊ लोखंडालाही चिकटतं आणि पोलादालाही. पान्यावर "क्रोम व्हॅनेडियम" कोरलेलं असतं, त्यावरही जाऊ नका. अक्षरं कोरायला काही लागत नाही. आयएसआयचा शिक्का असेल तर त्याखाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या मोबाईल अ‍ॅपवर टाकून खरा-खोटा कळतो. आपल्या बँक सखींच्या फोनवर हे अ‍ॅप मी घालून देते.

दातेरी इळ्याला जास्त जपा. कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव इळा दातेरीच आहे, धान जमिनीलगत कापता येतं. पण दाते झिजले की घरी दगडावर पाजवता येत नाहीत. म्हणून तिथे पहिलं पोलादच चांगलं हवं. साधा इळा खाती काकांकडून ट्रकच्या जुन्या पाट्याचा करून घेतला तर परत पाजवता येतो, आणि बिघडला तर माणूस गावातच सापडतो. मात्र तोही पाट्याचाच आहे का, साध्या सळईचा नाही ना, हे विचारायचं. ग्राइंडरवर धार लावताना कडा निळी पडली तर समजा पाणी उतरलं. दांडा धावड्याचा, पण वाळलेला. ओला दांडा वाळून आकसला की पातं निसटतं.

आता वॉरंटी. अवजाराची वॉरंटी साधारण बनवण्यातल्या दोषाची असते, झिजण्याची नसते. घरी वेल्डिंग केलं किंवा पान्याला पाईप लावून जोर दिला की बहुतेक कार्डं हात वर करतात. म्हणून तुटलेलं आधी दाखवायचं, मग दुरुस्त करायचं. कार्डावर बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता आणि मुदत नसेल तर ते कार्ड चुलीत घातलं तरी चालेल.

खरी ताकद बिलात आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. आपण काय करतो? स्वस्त मिळालं म्हणून उन्हाळ्यात घेतो आणि पोतं उघडतो कापणीला. ३० दिवस कधीच गेलेले असतात! आणल्या आठवड्यात एकेक इळा गवतावर चालवून बघायचा. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा. पुढे चंद्रपूरला जिल्हा आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. पोटापाण्यासाठी स्वतः काम करणारी बाईही कायद्याने ग्राहकच आहे, "तुम्ही धंद्यासाठी घेतलं" असं कोणी म्हटलं तर घाबरू नका.

या वेळी माझी सूचना अशी. एकदम ४० घ्यायचे नाहीत. तीन वेगवेगळ्या नावांचे दोन-दोन आणि खाती काकांचे दोन, असे आठ इळे आधी आणू, पक्क्या बिलावर. आठ जणी आठवडाभर वापरतील आणि मूठ हाताला लागते का, धार किती दिवस राहते, ते वहीत लिहितील. त्यात लहान हाताच्या दोघी तरी हव्यात, मुठी बहुतेक पुरुषांच्या मापाच्या असतात. मंगळवारी सकाळी बाजाराला कोण येणार, तेवढी नावं आत्ता द्या. कानस मी आणते. मागचे मोडलेले इळे कोणाच्या घरी असतील तर तेही आणा, खाती काका बघून सांगतील त्यातले किती पुन्हा पाणी दिल्यावर चालतील.