दूरध्वनीवरील नाव : सोय आणि जबाबदारी

(दौलताबाद परिसरातील शासकीय कर्मचाऱ्यांसमोर केलेले भाषण)



ज्या देवगिरीच्या पायथ्याशी आपण जमलो आहोत, त्या गडाविषयी इतिहासकार फिरिश्ता याने एक कथा लिहून ठेविली आहे. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा रामदेवरायाच्या माणसांनी घाईघाईने धान्याची म्हणून पोती गडावर चढविली. वेढा पडल्यावर उघडून पाहतात, तो आत मीठ!

आज आपल्या कचेरीतील दूरध्वनीच्या पडद्यावर नावे उमटतात. ती कोठून येतात? ज्या यंत्रणेला आपण ईपीएबीएक्स म्हणतो, तीत प्रत्येक एक्स्टेन्शन क्रमांकासमोर एक नाव भरलेले असते; आतून फोन आला की तेच दिसते. बाहेरून मात्र साधारणतः केवळ क्रमांक येतो. यंत्रणेच्या नोंदवहीत तो असेल, तरच नाव उमटते. म्हणजे ही नावे यंत्राला स्वतःहून ठाऊक नसतात. ती कोणीतरी माणसाने भरलेली असतात.

म्हणून तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

पहिली, एक्स्टेन्शनला व्यक्तीचे नव्हे, शाखेचे वा पदाचे नाव द्यावे. एका कार्यालयात मी रुजू झालो, तेव्हा माझ्या फोनवरून केलेल्या कॉलवर बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचेच नाव झळके. त्या घोटाळ्यात एका वृद्ध शेतकऱ्याच्या नुकसानभरपाईचा निरोप दिवसभर रखडला. ज्या दिवशी बदली, त्याच दिवशी नोंद तपासावी.

दुसरी, पडद्यावर जागा थोडी असते. ‘प्राथमिक आरोग्य केंद्र, दौलताबाद’ हे सारे त्यात मावेलच असे नाही. तेव्हा ओळख पटविणारा शब्द आधी यावा, आणि संक्षेप सर्वत्र एकच असावा.

तिसरी, फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फोन करणाऱ्याचे नाव दाखविण्याच्या सेवेची शिफारस केली. या सेवेतील नाव ग्राहकाने जोडणीच्या अर्जात दिलेल्या नावावरून यावयाचे आहे. आपल्या कार्यालयाची जोडणी कोणाच्या नावे आहे, हे कागद काढून पाहा. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. नोंदी त्यानुसार आहेत की नाहीत, तेही पाहा.

शेवटी एक इशारा. पडद्यावरचे नाव म्हणजे ओळखीचा पुरावा नव्हे. पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करून ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली लोकांना लुबाडले जाते. अशी अटक कायद्यात नाही. शंका येताच फोन ठेवावा आणि आपल्याजवळील अधिकृत क्रमांकावर स्वतः विचारणा करावी. पैसे गेलेच, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. हे गावोगाव सांगणे आपले कर्तव्य आहे.

शासनाचा फोन आला म्हणजे सामान्य माणसाला आधार वाटावा, धास्ती नव्हे. त्यासाठी आपल्या नावाच्या पोत्यात धान्यच असले पाहिजे, मीठ नव्हे.