त्यांची चणच लहान



"अहो, त्यांची चणच लहान असते." मेळघाटातल्या मुलांविषयी बोलायला लागलो की हे वाक्य मला हमखास ऐकू येतं. तेही शिकलेल्या, भल्या माणसांकडून. आज मला या एका वाक्याशीच भांडायचं आहे.

मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मी मोजमापाच्या दिवशी बसलो होतो. तीन वर्षांची, कोरकू या आदिवासी जमातीतली मुलगी. सेविकाताईंनी तिच्या चपला काढल्या, डोक्यावरची शेंडी सोडली, टाचा आणि डोकं मागच्या फळीला टेकवलं. मदतनीस ताईंनी गुडघे धरले. पट्टी खाली आली : ८५ सेंटिमीटर. तिच्या वयाला साधारण ९५ हवेत. ८५ ही दोन वर्षांच्या मुलीची उंची झाली. मग वजन : ११ किलो. वयाच्या मानाने कसंबसं बसलं, उंचीच्या मानाने तर नीटच बसलं. सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित, नाही; मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित, नाही. पोर हसत उतरली आणि पळाली.

खुरटण्याचं दुखणं असं लपतं. हाडापेरानं सगळंच लहान राहिलं की मूल आजारी दिसत नाही, फक्त लहान दिसतं. आणि मग आपण म्हणतो, चणच लहान.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा ठिकाणची मुलं मोजली : ब्राझीलमधलं पेलोतास, घानातलं आक्रा, नॉर्वेचं ऑस्लो, ओमानचं मस्कत, अमेरिकेतलं डेव्हिस आणि आपली दक्षिण दिल्ली. बाळं अंगावर पिणारी, घरात खाण्यापिण्याची ददात नसलेली. वर्ण वेगळे, जेवण वेगळं, पण वाढ जवळजवळ सारखी. लांबीत जो फरक आढळला, त्यात ठिकाणाचा वाटा जेमतेम ३ टक्के. एका घरातली दोन भावंडं उंच-ठेंगणी निघतात, ते रक्ताचं असू शकतं. अख्ख्या जमातीची लहानगी मुलं खुरटतात, ते रक्ताचं नव्हे.

मग कशाचं? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं खुरटलेली आढळली, अनुसूचित जमातींमध्ये जवळपास ४१ टक्के. त्याच सर्वेक्षणात सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातल्या घरांत हा आकडा ४६ आहे, सर्वांत सधन हिश्श्यात २३. जमात आणि गरिबी हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. मेळघाटात जंगलावरचा हक्क आटला, शेत पावसावर, आणि दिवाळी झाली की गावं रिकामी. कापूस वेचायला, हरभरा सोंगायला माणसं अमरावती-अकोल्याच्या सपाटीवर उतरतात, होळीला परततात. त्या काळात लेकरू शेताच्या बांधावर, पाणी मिळेल ते, आणि जुलाब लागले तर जवळ ओळखीची आशाताई नाही. पोटातले नऊ महिने आणि पहिली दोन वर्षं उंची ठरवतात. त्यातले किती महिने बांधावर जातात, ते मोजा.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१५ पासून अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं चौरस जेवण मिळतं, नंतर मुलांनाही अंडी, केळी मिळू लागली. योजना चांगली आहे. पण ताट अंगणवाडीत आणि बाई परक्या शिवारात, अशी गाठ कशी पडावी? नाव गावच्या रजिस्टरात आहे म्हणून जेवण गावातच, हा हट्ट सोडला पाहिजे. मजूर जिथे उतरतो तिथल्या अंगणवाडीने विचारपूस न करता ताट वाढलं पाहिजे.

त्या दिवशी मुलीची आई दारात उभी होती. ती माझ्या खांद्याच्याही खाली येत होती. तिला सहावा महिना होता. सप्टेंबर चालू होता, म्हणजे बाळंतपण डिसेंबरात. मी विचारलं, "दिवाळीनंतर कुठे?" तिने हाताने दक्षिणेकडे, डोंगराखालच्या मुलखाकडे दाखवलं.