जुना लष्करी कंदील पुन्हा कामाला लावा



उल्हास नदीकाठी भात करणाऱ्यांना रात्रीच्या उजेडाचे मोल सांगायला नको. २७ जुलै २०१९ आठवा. बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती. अशा पावसात वीज गेली की गुरे सोडायची ती अंधारातच, फुटलेला बांध बुजवायचा तोही अंधारातच. आणि त्याच बांधावर घोणस किंवा फुरसे बसलेले असते. मोबाइलचा उजेड आहे, पण एक हात त्यात अडकला तर फावडे कसे मारणार?

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. अंबरनाथला तर दारूगोळ्याचा सरकारी कारखाना. अशा आपल्या भागात तुमच्या माळ्यावर लष्करी मोडीतला, सेलवर चालणारा पत्र्याचा कंदील पडला असेल तर भंगारात देऊ नका. त्याची चौकोनी बॅटरी दुकानात मिळाली नाही, तरी ती घरी जुळवता येते.

आधी कंदील उघडा. जुने सेल फुटून पांढरा-हिरवा थर बसला असेल तर हाताला पिशवी बांधून तो काढा. साध्या सेलचा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, अल्कलाइन सेलचा लिंबाच्या रसाने. मग कोरड्या फडक्याने पुसून पितळी पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासा.

आता बल्बच्या बुडावरचा आकडा पाहा. एक सेल दीड व्होल्टचा. बल्ब ६ व्होल्टचा असेल तर मोठे सेल चार लागतील, ३ व्होल्टचा असेल तर दोन.

चार सेल चौकोनात उभे करा. पहिल्याची टोपी वर, दुसऱ्याची खाली, तिसऱ्याची वर, चौथ्याची खाली. खालच्या अंगाला पहिल्याचे बूड दुसऱ्याच्या टोपीला पत्र्याच्या पट्टीने जोडा, तिसऱ्याचे बूड चौथ्याच्या टोपीला. वरच्या अंगाला दुसऱ्याचे बूड तिसऱ्याच्या टोपीला. आता वर पहिल्याची टोपी आणि चौथ्याचे बूड मोकळे राहिले. तीच आपली दोन टोके. सेलच्या मध्ये पुठ्ठा घाला आणि सायकलच्या ट्यूबचे रबर कापून सगळे घट्ट आवळा. ही दोन टोके एकमेकांना लागू देऊ नका, सेल तापून फुटतात.

त्याच मापाचा एलईडी बल्ब मिळाला तर सेल पुष्कळ दिवस पुरतात. तो पेटला नाही तर टोके उलटी करून पाहा.

चार गोष्टी मात्र पाळा. जुना-नवा सेल एकत्र घालू नका. साधा सेल चार्ज करू नका. ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी या बल्बला लावू नका, बल्ब लगेच जळेल. आणि पावसाळा सरला की सेल काढून ठेवा. कंदील जुना झाल्याने बिघडत नाही, आत विसरलेल्या सेलमुळे बिघडतो.

उजेड असूनही साप चावलाच, तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. माणसाला न चालवता तडक सरकारी दवाखान्यात न्या.

मृगाच्या आधी एका रात्री कंदील पेटवून बांधापर्यंत जाऊन या.