कृष्णविवरांचे वारे



पारनेर तालुक्यात सुप्याजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत. वारा दिसत नाही. पाती फिरू लागली की त्याचे बळ कळते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याची शक्ती आठपट होते. आज ज्या वाऱ्याचा विचार करावयाचा आहे, तो सेकंदाला ६०,००० ते ९०,००० किलोमीटर वेगाने वाहतो.

मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रस्थानी सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट वस्तुमानाची कृष्णविवरे असतात. कृष्णविवर सर्व काही गिळते, हा समज अर्धाच खरा आहे. त्याकडे ओढला जाणारा वायू तबकडीसारखा फिरतो, तापतो आणि त्याचा काही अंश बाहेर फेकला जातो. हाच तो वारा.

तो ओळखावयाचा कसा? केंद्राजवळून निघालेले क्ष-किरण या वायूतून येताना त्यातील लोहाचे अणू ठरावीक ऊर्जेचे किरण शोषून घेतात. वर्णपटात तेथे काळी रेघ उमटते. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर चढतो, त्याचप्रमाणे वायू आपल्या दिशेने येत असला की रेघ अधिक ऊर्जेकडे सरकते. ती किती सरकली, यावरून वेग मिळतो.

जपानने ७ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेल्या ‘क्रिझम’ उपग्रहावरील उपकरण निरपेक्ष शून्याच्या वर अवघे ०.०५ अंश इतके थंड ठेवलेले असते. एकेका क्ष-किरणकणाने होणारी सूक्ष्म तापमानवाढ मोजून ते त्याची ऊर्जा सांगते. ‘पीडीएस ४५६’ या क्वेसारविषयीचे त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. वारा एकसंध नसून ढेकळांचा निघाला. त्यात पाच निरनिराळे वेग आढळले. वर्षाला ६० ते ३०० सूर्यांइतके द्रव्य तो वाहून नेतो.

असा वारा दीर्घिकेतील वायू उधळून लावील आणि नव्या ताऱ्यांचा जन्मच थांबेल, असे वाटावे. परंतु दीर्घिकेत दूरवर वाहणाऱ्या वाऱ्यांत या ऊर्जेचा हजारावा भागही आढळत नाही. मग ती जाते कोठे? ढेकळे वायूतील फटींतून निसटत असतील, अथवा वारा मधूनमधूनच उसळत असेल. निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.

या शोधात भारतही आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी झेपावलेल्या ‘अॅस्ट्रोसॅट’वरील मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली, तिच्या निरीक्षणांच्या अभ्यासकांना पुण्याच्या ‘आयुका’तून साहाय्य मिळत आले आहे. २०१८ मध्ये तिची संग्रहित निरीक्षणे सर्वांना खुली झाली. अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालयात संगणकासमोर बसलेल्या विद्यार्थ्यालाही ती काळी रेघ शोधता येईल. दुर्बीण देशाने दिली आहे. चिकाटी ज्याची त्याने आणावयाची आहे.