पणाला कोण लागते?

(पाथर्डी येथे बचत गटांच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दारूबद्दल आपण पुष्कळ बोललो. मोर्चे काढले, भट्ट्या फोडल्या, गावोगावी बाटली आडवी केली. आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगण सिद्धीची दारूबंदी साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. जुगाराबद्दल मात्र आपण गप्प असतो. दारू प्यालेला नवरा लगेच कळतो, त्याचा वास येतो, तो झोकांड्या खातो. जुगारी माणूस सरळ चालत घरी येतो, जेवतो, झोपतो. मग एके दिवशी सावकार दारात उभा राहतो आणि बाईला सगळे एकदम कळते. म्हणून आज मला तुम्हाला विचारायचे आहे, की जुगारात पणाला नेमके कोण लागते?

सवाल जुनाच आहे. ऋग्वेदात एका जुगाऱ्याचे सूक्त आहे. त्यातही बायको दुरावते, आई झुरते आणि कर्जाच्या भीतीने तो रात्री दुसऱ्यांच्या घरी जातो. महाभारतात द्रौपदीने भर सभेत विचारले, की युधिष्ठिर आधी स्वतःला हरले की मला? जो स्वतःच दास झाला, त्याला मला पणाला लावायचा अधिकार कुठून आला? भीष्मांनाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. आजही तो सवाल आपल्या घरात तसाच पडून आहे.

आपल्या भागातले पाहा. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून माणसे ऊसतोडीला जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल दोघांच्या अंगावर असते, पण रक्कम येते नवऱ्याच्या हातात. आमच्या सल्ला केंद्रावर आलेल्या एका बाईने सांगितले, की गाडी गावातून निघण्याआधीच निम्मी उचल आकड्यावर गेली होती. ती मग सारा हंगाम पहाटेपासून फडात राबली, मोळ्या वाहिल्या, ते नवरा आधीच हरून बसलेल्या पैशांसाठी. दुसरीने गटाचे कर्ज शिलाई मशीनसाठी घेतले. नवऱ्याने ते मोबाईलवर रमीत घालवले. हप्ता थकला, तो गटातल्या बाकीच्या बायांनी भरला आणि ही शरमेने बैठकीला यायचीच बंद झाली. खेळला तो, तोंड लपवले हिने.

आता मटक्याचा हिशेब मांडू. मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर आकडा लावत. ते बंद झाल्यावर १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीचा मटका सुरू केला आणि १९६४ साली रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका. तिथून ओपन, क्लोज, जोडी हे शब्द खेड्यातल्या टपरीपर्यंत आले. शून्य ते नऊ असे दहा आकडे. लागला तर नेहमीच्या दराने रुपयाला नऊ रुपये. समजा, दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले, तर शंभर गेले आणि नव्वद परत आले. जोडीतही तेच, जोड्या शंभर आणि मिळतात नव्वद. दर शंभरामागे दहा रुपये बुकीचे राहतात. एखाद्या दिवशी कुणाला लागतो, त्याचा गाजावाजा होतो. रोज खेळणाऱ्याचे पैसे मात्र झिजतच जातात. स्वप्नात दिसलेला आकडा किंवा बाबाने दिलेला आकडा याने हा हिशेब बदलत नाही.

दारूच्या परवान्याचे दुकान निम्म्याहून अधिक बायांच्या मताने बंद करता येते. मटक्याला परवानाच नाही. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हाच आहे, तरी चिठ्ठी मिळते. लॉटरी तर १९६९ पासून सरकार स्वतः विकते. मोबाईल आल्यावर टपरीपर्यंत जायचीही गरज उरली नाही. जाहिरातीत मोठमोठे खेळाडू आणि नट दिसायचे आणि शेवटी घाईघाईने सांगितले जायचे, की सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. ज्याला सवय लागली त्याने जबाबदारीने खेळायचे म्हणजे काय? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. त्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. म्हणून नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मदत मागायला घाबरू नका. पण कायदा झाला म्हणून खेळ संपला, असेही समजू नका. चोरवाटा राहतातच.

दिवाळीत चार डाव पत्ते खेळणारा किंवा कधीमधी लॉटरीचे एक तिकीट घेणारा प्रत्येक माणूस जुगारी नसतो. खूण कशी ओळखायची? गेलेले भरून काढायला तो पुन्हा खेळतो. रक्कम वाढत जाते. खोटे बोलतो, उसने घेतो, घरातली वस्तू गायब होते. खेळू दिले नाही तर चिडतो, झोप उडते. हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचे व्यसन नोंदलेले आहे. देवाची शपथ घालून किंवा दोन थोबाडीत देऊन तो बरा होत नाही. समुपदेशन लागते, काहींना औषधेही लागतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. १४४१६ हा टेलिमानसचा फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. घरच्या माणसानेही फोन केला तरी चालतो. हरलेला माणूस मरणाची भाषा बोलू लागला, तर ती धमकी समजून सोडू नका. त्याला एकटे ठेवू नका आणि लगेच दवाखान्यात न्या. बाईलाही हा आजार होतो, आणि ती तो जास्त लपवते. तिलाही हीच मदत आहे.

आजारी आहे म्हणून त्याची सेवा करा, पण त्याचे कर्ज आपल्या अंगावर घेऊ नका. बाईने डोरले मोडून देणे फेडले, की त्याचे खाते कोरे होते आणि तो नव्याने खेळायला मोकळा होतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जुगारात हरलेले पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत. ते फेडायला बायको बांधील नाही. पण एकदा तुम्ही सही केली, की कर्ज तुमचे. म्हणून कोऱ्या कागदावर सही नाही, वाचल्याशिवाय सही नाही, नवऱ्याच्या सांगण्यावरून गटाचे कर्ज नाही. आपले खाते, एटीएमचे कार्ड आणि त्याचा नंबर आपल्याकडेच ठेवा. उचल घेताना दोघांनी समोर बसून मोजा आणि तुमचा वाटा तुमच्या खात्यावर मागा.

कुणी विनापरवाना सावकारी करून जमीन बळकावली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार करा. चौकशीत सिद्ध झाले तर जमीन परत मिळू शकते. घरखर्च न देणे, स्त्रीधन विकणे हा २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने आर्थिक छळ आहे. दागिने किंवा मालमत्ता विकू नये, असा आदेश कोर्टाकडून मिळू शकतो. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. मारहाण होत असेल तर १८१ किंवा ११२ ला फोन करा.

हे सगळे एकट्या बाईने करायचे म्हटले तर तिचे घरात हाल होतील, हे मला माहीत आहे. “माझ्यावर विश्वास नाही का?” असे तो म्हणेल. सासू म्हणेल, नवऱ्याची अब्रू घालवली. इथे गट उपयोगी पडतो. कर्ज कशासाठी हवे ते घेणारीने स्वतः सर्वांसमोर सांगावे आणि वस्तू घेतल्यावर गटाने ती पाहावी, असा ठराव करा. मग बाईला घरी सांगता येते, “मी काय करू, गटाचा नियम आहे.” जिचा हप्ता थकला तिच्या घरी दोघी-तिघींनी जा. पैसे मागायच्या आधी काय झाले ते विचारा. गावात चिठ्ठी कुठे मिळते ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. पोलिसांना लेखी अर्ज द्या, सगळ्यांच्या सह्यांनी, आणि पोच घ्या.

द्रौपदीने विचारले तेव्हा सभेत तिच्या बाजूने बोलणारे फार थोडे निघाले. आपल्या बैठकीत तसे होऊ देऊ नका. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर जुगार हा विषय लिहा आणि जी बाई बोलायला उठेल, तिचे पूर्ण ऐकून घ्या.